आत्याला काढा

दि. ३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे

मावशी,

कालच्या लग्नाचे कॅमेऱ्यातले कार्ड कॉम्प्युटरला लावले आहे. एक हजार एकशे बारा फोटो उतरायला बावीस मिनिटे लागतील असे स्क्रीनवर दिसते, म्हणून तेवढ्या वेळात हे पत्र लिहायला बसलो. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे जाताना तू म्हणाली होतीस, "फोनवर तू नुसतं अं आणि हं करतोस. कागदावर लिहीत जा, म्हणजे मला कळेल स्टुडिओ उभा आहे की बसला." उभा आहे.

तू सोबत नसताना केलेले हे माझे पहिले लग्न. ग्रंथपालबाईंच्या मुलीचे. हॉल घेतला नव्हता, त्यांच्या घरीच होते, म्हणून मी आदल्या दिवशी जाऊन घर पाहून आलो. बैठकीची खोली चौदा फूट बाय अकरा. पश्चिमेला एकच मोठी खिडकी, तिला जाड हिरवे पडदे, त्यांवर पानांची नक्षी. पडदे लावले तर अंधार, उघडले तर दुपारी चारनंतर सगळ्यांच्या नाकावर ऊन. मी हे वहीत टिपत असताना ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काय हो, घर विकत घेताय का?" मी नाही म्हणालो. त्यांनी थट्टा केली होती हे मला रस्त्यावर आल्यावर कळले.

लग्नात माझ्या हातून एक कुंडी फुटली. सगळ्यांचा एकत्र फोटो घेण्यासाठी मागे सरकत होतो. चार वेळा माफी मागितली. पाचव्या वेळी नवरदेवाचे आजोबा म्हणाले, "आता पुन्हा माफी मागितलीस तर दुसरी मी फोडीन." बाकी नीट पार पडले. तू शिकवल्याप्रमाणे तोंडाने 'एक, दोन, तीन' म्हणालो आणि 'दोन'लाच बटण दाबले. तीनला सगळे डोळे मिटतात हे अगदी खरे आहे.

एक गोष्ट अवघड गेली. नवरीच्या आत्या आल्या होत्या. उंच, ताठ, कमी बोलणाऱ्या. त्यांचे शिवणकामाचे दुकान आहे आणि नवरीचा पोशाख त्यांनीच शिवला. त्या आणि ग्रंथपालबाई, म्हणजे नणंद-भावजय, चार वर्षे एकमेकींशी बोलत नाहीत. हे नवरीनेच मला हळूच सांगून ठेवले, म्हणजे मी दोघींना शेजारी उभे करण्याचा घोळ घालू नये. कारण विचारायचे धाडस झाले नाही. दिवसभर एक खोलीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. एकीचा फोटो घेताना दुसरी त्यात येणार नाही याची मी काळजी घेतली.

फोटो उतरले. सर्व शाबूत. आता दुसरी प्रत करतो, मग तिसरी.

तुझा भाचा


८ फेब्रुवारी

अरे शहाण्या,

लेकीने तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. जावई म्हणाले, हे पत्र आहे की पोलिसांचा पंचनामा? मी म्हटलं, माझा भाचा असाच आहे, त्याने काढलेल्या फोटोत कुणाचं बटण उघडं सापडणार नाही.

गुडघा बरा आहे. रोज एक बाई येऊन तो वाकवते आणि मी तिला मनातल्या मनात वाकवते.

आता नीट ऐक. अल्बमला कुठले फोटो हवेत ते त्या बाईंकडून लिहून घे. तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. मी एकदा "डावीकडचा मोठा करा" एवढं ऐकून घरी आले आणि शेजाऱ्यांच्या मुलाला भिंतीएवढा केला. डावीकडे म्हणजे त्यांच्या डावीकडे होतं. लिहिलेलं असलं म्हणजे वाद नाही. लिहिलंय तसं करायचं आणि मोकळं व्हायचं.

चौथी प्रत करू नकोस. तीन पुरे.

मावशी


दि. १५ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी दोन वाजून पाच मिनिटे

मावशी,

दातांच्या डॉक्टरांचे फोटो त्यांच्या दवाखान्यात जाऊन घेतले. सगळ्यांना हसा म्हणाले आणि स्वतः मात्र तोंड घट्ट मिटून बसले. चाळिसाव्या फोटोत एक दात दिसला. तोच त्यांना आवडला.

तू सांगितल्याप्रमाणे ग्रंथपालबाईंकडून यादी लिहून मागितली. चार पाने आली, रेघा आखून. अल्बमसाठी ऐंशी फोटो निवडले आहेत. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. मी नववीत शाळा सोडली तरी शब्दकोश हाताशी ठेवतो हे तुला माहीत आहे. त्यांची यादी वाचताना तो एकदाही उघडावा लागला नाही. म्हणूनच अवघड झाले आहे. इतकी नेमकी बाई जे लिहील ते विचार करूनच लिहील.

शेवटच्या पानावर असे आहे: "क्र. ४१, ४७, ५२, ५३, ६०, ६६, ७१, ७४, ७९: आत्याला काढा."

हे नऊही फोटो चांगले आले आहेत. एक्केचाळीसमध्ये आत्याबाई जमिनीवर बसून नवरीच्या पोशाखाची खालची दुमड टाचत आहेत, ओठांत टाचण्या. त्रेपन्नमध्ये त्यांचा हात नवरीच्या खांद्यावर आहे. भांडण त्यांच्या घरचे आहे, आपण फोटोवाले, हे मला समजते. तरी आत्याला काढायला हात धजत नाही. काम मोठे आहे आणि बरेही वाटत नाही. पुन्हा विचारायला गेलो तर म्हणतील, स्वच्छ लिहून दिले आहे, वाचता येत नाही का. तुझ्या काळात कोणी असे सांगितले तर तू काय करायचीस?

तुझा भाचा


१९ फेब्रुवारी

अरे,

यात विचारायचं काय? आत्याला काढा म्हटलंय तर काढ. माझ्या वेळी एक लग्न असं गेलं नाही. आत्याला काढा, व्याह्यांना काढा, शेजारच्या काकूंना काढा. मी सगळ्यांना काढलं आणि हसत काढलं. एका लग्नात तर मुलाकडच्या अख्ख्या मंडळींना काढलं, सव्वीस जणांना, दोन दिवसांत. तुझे नऊ आहेत आणि तू हात धजत नाही म्हणतोस. त्याला आळस म्हणतात.

कडा स्वच्छ ठेव, रंग जुळव, आणि या कामाचे वेगळे पैसे लाव. फुकट काढायचं नाही. लोकांना सवय लागते.

काल आठ पायऱ्या चढले. उतरताना जावयांनी धरलं, ते सांगण्यासारखं नाही.

मावशी


दि. २६ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी साडेसात

मावशी,

तू सव्वीस जणांना काढलेस, तेही कॉम्प्युटर नसताना, हे वाचून माझ्या नऊ फोटोंची लाज वाटली. मग कामाला लागलो.

एकूण एकतीस तास लागले. सात फोटोंत आत्याबाईंच्या मागे खिडकी होती, तिथे त्यांच्या जागी पडदा पसरवला. पडद्यावरची पाने एकेक करून जुळवली. साठमध्ये त्यांच्या जागी रिकामी खुर्ची आली. एक्केचाळीसमध्ये जमीन मोकळी झाली, पण नवरी खाली का पाहते आहे ते आता कळत नाही. त्रेपन्नमध्ये त्या गेल्या तरी खांद्यावरचा हात राहिला होता. तो सर्वांत शेवटी काढला. त्यानंतर उठून हात धुऊन आलो. हात स्वच्छच होते.

बिलात वेगळी ओळ लिहिली आहे: "आत्याला काढणे, नऊ फोटो." अल्बम कागदात बांधून ठेवला आहे. ग्रंथपालबाईंचे यजमान आज दुपारी घेऊन जातील. मी उद्यापासून दोन दिवस बोटींच्या कारखान्यात आहे, तिथल्या कामगारांचे त्यांच्या त्यांच्या जागेवर फोटो घ्यायचे आहेत.

काम चोख झाले आहे. तू पाहिले असतेस तर नाव ठेवायला जागा नव्हती. तरी आनंद होत नाही.

तुझा भाचा


१ मार्च

अरे थांब.

लेकीने काल तीनदा फोन लावला. तुझा बंद. शूटिंगला फोन बंद ठेवायचा हा नियम मीच केला होता, आता भोगते.

तू माणूस पुसलास? अरे बाबा, काढ म्हणजे छाप. प्रत काढ. आत्याला काढा म्हणजे आत्यासाठी एकेक प्रत काढा. तुझ्या पत्रात पडदा आणि खुर्ची वाचली तेव्हा लेकीने पत्र तसंच टाकून फोन उचलला.

अल्बम दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर लगेच कळव.

मावशी


दि. ३ मार्च, सोमवार
दुपारी एक वाजून वीस मिनिटे

मावशी,

तुझे पत्र आज बारा वाजता आले. ग्रंथपालबाई साडेदहालाच येऊन गेल्या होत्या.

त्या आत आल्या, दार लावून घेतले, बसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी नणंद कुठे आहे?"

मी म्हणालो, "तुम्हीच काढायला सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतं. मग कुठे आहे?"

"काढलं ना."

"अहो, काढलं तर कुठे आहे?"

असे तीन वेळा झाले. मग मी यादी आणून त्या ओळीवर बोट ठेवले. त्यांनी वाचले. चष्मा काढून पुन्हा वाचले. मग बसल्या. "मी तिच्यासाठी एकेक प्रत सांगितली होती," त्या म्हणाल्या. "बिल बघून वाटलं, नऊ फोटो छापायचे एवढे? पण म्हटलं, तिच्यासाठी आहेत, असू देत."

मग जे कळले ते असे. चार वर्षांपूर्वी त्यांनी ते हिरवे पडदे आत्याबाईंकडे न देता दुसरीकडे शिवून घेतले. आत्याबाईंना तेव्हा कामाची गर्दी होती, त्यांना कशाला त्रास द्यायचा म्हणून. आत्याबाईंना वाटले, भावजयीला आपला हात पसंत नाही. तेवढ्यावरून बोलणे बंद झाले. आता मुलीचा पोशाख त्यांनी शिवला म्हणून ग्रंथपालबाईंच्या मनात आले की अल्बम आधी नणंदेने पाहावा, मग आपण. म्हणून बांधलेला अल्बम न उघडता यजमानांच्या हाती तसाच तिकडे पाठवला.

आत्याबाईंनी तो दुकानात उघडला. त्या एकाही फोटोत नाहीत, आणि सात ठिकाणी त्यांच्या जागी तेच पडदे आहेत.

अल्बम परत आला. ग्रंथपालबाई समजवायला गेल्या तर आत्याबाईंनी दुकानाचे शटर ओढून घेतले. येत्या रविवारी नवरी दुसऱ्या गावी राहायला जाते आहे. आत्याबाईंनी निरोप पाठवला आहे की त्या भेटायला येणार नाहीत. नवरीचा फोनही घेत नाहीत. लहानपणी ती शाळेतून आली की आत्याबाईंच्या मशीनखाली बसून अभ्यास करायची, असे ग्रंथपालबाई म्हणाल्या.

मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मूळ फोटो तिन्ही प्रतींत शाबूत आहेत. आता मी काय करू?

तुझा भाचा


५ मार्च

बाळा,

मी सव्वीस जणांना पुसून टाकलं असं तुला वाटलं, आणि तरी तू मला "मावशी" लिहून पत्र पाठवलंस. यावर मी गेले चार दिवस हसते आहे आणि मधूनच डोळे पुसते आहे. खरं पुसणं मी आयुष्यात एकदाच केलं, तेही स्वतःला. तुझ्या आईच्या लग्नाच्या फोटोत माझे केस विस्कटलेले होते म्हणून ब्रशने मला घालवलं. पुढे वर्षभर ती ऐकवायची, "तू कुठे आली होतीस माझ्या लग्नाला?"

आता असं कर. नऊच्या नऊ मूळ फोटो चांगल्या कागदावर छाप आणि स्वतः दुकानात जा. कुणाच्या हाती पाठवू नकोस, फोन करू नकोस. भावजयीची यादी ने आणि माझं १९ तारखेचं पत्रही ने. दोन बायकांनी एकच शब्द वापरला आणि तू दोन्हीकडे भलताच वाचलास, हे तिला तिच्या डोळ्यांनी दिसू दे. मला हसली तर हसू दे.

माफी एकदाच माग.

मावशी


दि. ९ मार्च, रविवार
सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे

मावशी,

परवा सकाळी नऊला दुकान उघडताच गेलो. दोन मशीन, इस्त्रीचे टेबल, कोपऱ्यात कपडे बदलायला आडोसा. आत्याबाई एका पँटची दुमड घालत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "काय हवंय?"

"मी फोटोवाला."

"हो का. म्हणजे मला पुसणारा तो तू."

"हो."

"बस. स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो."

मी एकदाच माफी मागितली. मग काही न बोलता नऊ फोटो, यादी आणि तुझे पत्र टेबलावर ओळीने ठेवले. त्यांनी आधी यादी उचलली. भावजयीचे अक्षर ओळखले असावे, कारण थोडी लांब धरली. मग तुझे पत्र वाचले. सव्वीस जणांपाशी आल्यावर त्यांचे खांदे हलले. हसल्या की काय ते मान खाली असल्याने दिसले नाही.

"हे नऊ तिने निवडले?"

"हो."

"हासुद्धा? माझ्या तोंडात टाचण्या आहेत यात."

"पहिला तोच निवडला."

त्यांनी तो फोटो बाजूला वेगळा ठेवला. मग म्हणाल्या, "ते दुसरे आणलेस का? माझ्याशिवायचे?" ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे ठेवलेला अल्बम मी नेला होता. त्यांनी मशीनचा दिवा लावला, पान त्याखाली धरले आणि पडद्यावरून नख फिरवले, आपण कापडाची शिवण पाहतो तसे.

"जोड कुठे आहे?"

मी दाखवले. तिसऱ्या चुणीजवळ.

"दिसत नाही."

"नाही."

"रफू चांगलं करतोस. किती वेळ लागला?"

"एकतीस तास."

"एकतीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी बरीच होते तिथे."

मग त्यांनी फोटो आणखी जवळ घेतला आणि म्हणाल्या, "पडदे मात्र वाईटच शिवलेत. बघ, चुण्या एकसारख्या नाहीत." मी खरे ते सांगितले की एक चुणी माझी आहे, बाकीच्या मूळच्या. त्या म्हणाल्या, "तुझी बरी आहे."

मग त्यांनी फोन उचलला. तिकडून "हॅलो" आले असावे. चार वर्षांनंतरचे त्यांचे पहिले वाक्य मी समोर बसून ऐकले. "काय गं, 'आत्यासाठी' लिहायला पेन झिजत होतं का?"

पलीकडचे मला ऐकू आले नाही. आत्याबाई खूप वेळ ऐकत राहिल्या. दोनदा "हं" म्हणाल्या. एकदा म्हणाल्या, "मला गर्दी होती हे मला माहीत आहे, पण विचारायचं तरी." पुन्हा ऐकत राहिल्या. मग आवाज बदलला. "बरं, ते राहू दे. पोरीचा तो करडा कोट घेऊन ये, बाह्या लांब आहेत. जायच्या आत करून देते. तूच ये. त्याला पाठवलंस तर तो दारातूनच देऊन पळतो." त्याला म्हणजे त्यांच्या भावाला.

आज सकाळी मला बोलावले होते. आत्याबाईंच्या दुकानासमोर गाडी उभी होती, नवरी बाह्या दुरुस्त केलेला कोट घालून मध्ये उभी राहिली, एका बाजूला आई, एका बाजूला आत्या. मी कोणाला कुठे उभे राहा म्हणालो नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आज मोजमाप नाही का?" ही थट्टा मला लगेच कळली. बारा फोटो घेतले. पहिल्या तीन फोटोंत दोघी समोर पाहत आहेत. नंतरच्यांत आत्याबाई भावजयीच्या कॉलरचा दोरा दातांनी तोडत आहेत आणि नवरी हसते आहे. नवरी त्यातलाच एक सोबत घेऊन जायचा म्हणाली, म्हणून स्टुडिओत येऊन आधी तो छापून गाडीत दिला.

मोकळे वाटते आहे. काल नऊ तास झोपलो. स्टुडिओ तुझा आहे, म्हणून हिशेब देतो.

खर्च: नऊ मूळ फोटोंची छपाई, ४५०. अल्बमची पाने बदलली, ८००. एकूण १,२५०.

ग्रंथपालबाई: सर्व चुकते. नऊ फोटोंची वेगळी ओळ मी बिलातून काढली. म्हणजे रद्द केली.

आजचे बारा फोटो: पैसे लावले नाहीत.

येणे, आत्याबाईंकडून: क्र. ७१, त्यांच्याशिवायचा, पडदा दिसेल असा, मोठ्या आकारात एक प्रत, चौकटीसह. दुकानात लावणार आहेत, पडदे कसे शिवू नयेत ते गिऱ्हाइकांना दाखवायला. किंमत १८०. आगाऊ ५० मिळाले. बाकी १३०.

तुझा भाचा